घाऊक विक्रीचा आकडा आणि मालाचा खरा उठाव: अमेरिकेतल्या बिगरटिकाऊ मालाचा मासिक अहवाल कसा वाचावा

पेट्रोल महागलं की अमेरिकेतल्या घाऊक विक्रीचा आकडा फुगतो. टँकर तेवढेच, गॅलन तेवढेच, बिल मात्र मोठं. लगेच बातमी येते, ‘घाऊक विक्रीत जोरदार वाढ, मागणीला उभारी’. बिगरटिकाऊ मालाच्या (इंधन, किराणा, औषधं, कपडे वगैरे) बाबतीत ही फसगत नेहमीची आहे, कारण हा आकडा डॉलरमध्ये असतो आणि डॉलरमध्ये भाव आणि उठाव दोन्ही कालवलेले असतात. त्यातून भाव बाजूला काढून निव्वळ उठाव कसा पाहायचा, ते इथे दिलं आहे. एक स्प्रेडशीट पुरते. पहिल्या वेळी मांडणीला दोन-तीन तास जातात, पुढे दर महिन्याला अर्धा तास.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे ‘घाऊक’ म्हटलं की घाऊक किंमत निर्देशांक आठवतो. तो भाव मोजतो. इथे बोलणं चाललं आहे ते विक्रीच्या रकमेबद्दल आणि गोदामात उरलेल्या साठ्याबद्दल. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढे दिसेल की एकीला दुसरीने भागावं लागतं.

कोणाची विक्री मोजतात

अमेरिकेचा सेन्सस ब्युरो दर महिन्याला घाऊक व्यापाऱ्यांची विक्री आणि महिनाअखेरचा साठा जाहीर करतो. सुमारे चार हजार कंपन्यांच्या नमुन्यावरून हा अंदाज बांधला जातो. मोजणीत येतो तो फक्त माल स्वतःच्या नावावर विकत घेऊन पुढे विकणारा व्यापारी. आपल्या बाजार समितीतला अडत्या शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देतो, माल त्याचा नसतो. तसे अडते आणि दलाल या मासिक आकड्यात नाहीत. कारखानदारांची स्वतःची विक्री कार्यालयंही नाहीत.

आणखी एक मोठी गोष्ट बाहेर राहते. वॉलमार्ट किंवा क्रोगरसारख्या साखळ्या आपल्या वितरण केंद्रातून आपल्याच दुकानात माल पाठवतात. ती घाऊक विक्री धरली जात नाही, कारण विक्री झालेलीच नसते. म्हणून किराण्याच्या घाऊक आकड्यात हॉटेलं, कँटीन, रुग्णालयं, छोटी दुकानं यांना माल पुरवणाऱ्यांचं वजन आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. मार्च २०२० मध्ये लोकांनी किराणा दुकानं रिकामी केली आणि त्याच वेळी हॉटेलांना माल पुरवणाऱ्यांची गिऱ्हाइकं बंद पडली. ‘किराणा’ हा शब्द दोन्हीकडे एकच, पण वाटा वेगळ्या.

बिगरटिकाऊ म्हणजे नाशवंत नव्हे

साधारण तीन वर्षांपेक्षा कमी टिकणारा माल बिगरटिकाऊ, असा संकेत आहे. त्यामुळे भाजीपाल्याबरोबर कपडे, पुस्तकं, रंगाचे डबेही याच गटात बसतात. अमेरिकी उद्योग वर्गीकरणात ४२४ हा या गटाचा क्रमांक. टिकाऊ मालाचा ४२३. ४२४ च्या पोटात नऊ गट आहेत: कागद, औषधं, कपडे व कापड, किराणा, कच्चा शेतमाल, रसायनं, पेट्रोलियम, मद्य आणि किरकोळ इतर. शेवटच्या गटात खतं-बियाण्यांपासून तंबाखूपर्यंत बरंच काही कोंबलेलं आहे.

२०२२ ते २०२४ या काळात अमेरिकेतली एकूण घाऊक विक्री महिन्याला साधारण ६५० ते ७०० अब्ज डॉलरच्या घरात होती. त्यातला जवळपास निम्मा वाटा बिगरटिकाऊ मालाचा, आणि बिगरटिकाऊतला निम्म्याहून जास्त वाटा औषधं, पेट्रोलियम आणि किराणा या तिघांचा. हे तिघे तीन वेगळ्या कारणांनी हलतात. एकाच बेरजेत ते आले की बेरीज कोणाचंच नीट सांगत नाही. हे आकडे महिन्याचेच आहेत, वार्षिक दरात फुगवलेले नाहीत. जीडीपीच्या सवयीने त्यांना चारने किंवा बाराने भागू नका.

पहिली पायरी: वेळ आणि आवृत्ती

मुख्य अहवाल महिना संपल्यावर साधारण चाळीस दिवसांनी येतो, न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या घड्याळाने सकाळी दहाला. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, कारण तिकडे घड्याळ तासभर पुढेमागे होतं. त्याआधी महिना संपून चारेक आठवड्यांनी आगाऊ आर्थिक निर्देशकांचा एक छोटा अहवाल निघतो. त्यात घाऊक साठ्याचा पहिला अंदाज असतो, विक्रीचा नसतो. तेव्हा ‘घाऊक साठा वाढला’ ही बातमी दोनदा येते आणि दुसऱ्यांदा ती बऱ्याच अंशी शिळी असते. मुख्य अहवालात नवीन असतं ते विक्री, साठा-विक्री गुणोत्तर आणि पोटगटांचा तपशील. नऊ ओळींचा हा तपशील बातमीत येत नाही, आणि कामाचा तोच असतो.

प्रत्येक अहवालात चालू महिन्याचा आकडा प्राथमिक असतो आणि मागच्या महिन्याचा आकडा सुधारलेला. शिवाय वर्षातून एकदा जुनी मालिका मोठ्या वार्षिक सर्वेक्षणाशी जुळवून घेतात, तेव्हा काही वर्षांचे आकडे एकदम सरकतात. इथे सगळ्यात जास्त माणसं घसरतात: मागच्या महिन्यात वहीत टिपलेला प्राथमिक आकडा घ्यायचा, या महिन्याचा नवा आकडा घ्यायचा आणि दोघांतला फरक काढायचा. ही तुलना खोटी आहे. दोन्ही महिन्यांचे आकडे एकाच अहवालातून घ्या.

शीटमध्ये म्हणून दोन पानं ठेवा. एका पानावर ताजी संपूर्ण मालिका, दर महिन्याला जुनी पुसून नवी चिकटवायची. दुसऱ्या पानावर प्रत्येक महिन्याचा पहिला प्रसिद्ध आकडा, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवले की सुधारणा साधारण किती होते हे स्वतःच कळतं. मागच्या वर्षांच्या जुन्या आवृत्त्या हव्या असतील तर सेंट लुईस फेडरल रिझर्व्हच्या ‘अल्फ्रेड’ या संग्रहात तारीखवार मिळतात. सध्याच्या वर्गीकरणाची मालिका जानेवारी १९९२ पासून आहे.

दुसरी पायरी: चांदणी बघा

अहवालात टक्केवारीपुढे कंसात एक आकडा असतो आणि कधीकधी त्यापुढे चांदणी. समजा लिहिलं आहे: ०.४ टक्के (±०.५ टक्के)*. अर्थ असा की नमुन्यातली चूक धरली तर खरा बदल उणे ०.१ ते अधिक ०.९ यांत कुठेही असू शकतो, ९० टक्के खात्रीने. या पट्ट्यात शून्य येतं, म्हणून चांदणी. सेन्सस ब्युरो स्वतःच सांगतो आहे की विक्री बदलली असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही. बातमीत येताना चांदणी गळून पडते आणि ‘०.४ टक्क्यांची वाढ’ तेवढी उरते.

साधा नियम करा. चांदणी असेल तर त्या महिन्यावर भाष्य नाही. तीन महिन्यांची सरासरी काढा आणि ती आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीशी ताडून बघा. पोटगटांमध्ये ही चूक आणखी मोठी असते, म्हणून कागद किंवा कपडे यांच्या एका महिन्याच्या उडीवर लेख लिहू नये.

आकडे हंगाम आणि महिन्यातले कामाचे दिवस यांसाठी जुळवलेले असतात. पद्धतीचं नाव एक्स-१३ अरिमा-सीट्स. न जुळवलेले आकडेही तक्त्यात शेजारीच असतात. एक रकाना जुळवलेला आणि एक न जुळवलेला असा घोळ सगळ्यांत सोपा असतो आणि सगळ्यांत उशिरा सापडतो. रकान्याचं शीर्षक शीटमध्ये जसंच्या तसं उतरवा.

हंगाम काढला जातो, भाव काढला जात नाही. अहवालाच्या मजकुरात हे दर महिन्याला छापलेलं असतं आणि दर महिन्याला वाचायचं राहतं.

तिसरी पायरी: पेट्रोलियम आणि शेतमाल बाहेर काढा

आता हिशेब. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले गोल आकडे आहेत, कोणत्याही खऱ्या महिन्याचे नाहीत.

मागच्या महिन्यात बिगरटिकाऊ विक्री ३५० अब्ज डॉलर, या महिन्यात ३५७. वाढ दोन टक्के. ठळक बातमी तयार.

यातलं पेट्रोलियम ७५ वरून ८१ वर गेलं आहे. कच्चा शेतमाल २२ वरून २२.५ वर. दोन्ही वजा करा: मागचा महिना ३५० − ७५ − २२ = २५३. हा महिना ३५७ − ८१ − २२.५ = २५३.५. वाढ ०.२ टक्के. दोन टक्क्यांतलं बहुतेक सगळं इंधनातच होतं.

ही वजाबाकी डॉलरच्या आकड्यांवर चालते. मात्र ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस भाव काढून साखळी-डॉलरमध्ये (एका आधार वर्षाच्या भावाशी जोडलेल्या डॉलरमध्ये) जी मालिका देतो, तिच्यावर ती चालत नाही. साखळी-डॉलरमध्ये पोटगटांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही, तिथे वजाबाकी केलीत तर उत्तर येईल, पण ते चुकीचं असेल. आणि आधार वर्षापासून जितकं लांब जाल तितकं जास्त चुकीचं.

शेतमाल का काढायचा? या गटात मुख्यतः मका, सोयाबीन, गहू असा माल आहे. त्याचा बराच भाग निर्यातीला जातो, त्यामुळे तिथली वाढ ही चीन किंवा मेक्सिकोची खरेदी असू शकते, अमेरिकी घरातला खप नव्हे. भावही वायदेबाजाराबरोबर उडतात. मक्याचं विपणन वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, आवक शरदात एकदम येते. पीक लवकर किंवा उशिरा आलं की हंगामी जुळवणीची बैठक बिघडते आणि ऑक्टोबरची विक्री नोव्हेंबरमध्ये दिसते. दोन-तीन महिन्यांची बेरीज केली की ही उडी विरते.

चौथी पायरी: भावाने भागा

उरलेला आकडाही डॉलरमध्येच आहे. प्रत्येक गटाला त्याच्या भावाच्या निर्देशांकाने भागा. भाव घ्यायचे ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या उत्पादक किंमत निर्देशांकातून.

इथे एक खड्डा आहे आणि जाणती माणसंही त्यात पडतात. त्याच निर्देशांकात ‘घाऊक व्यापार’ नावाची एक मालिका आहे. नाव बघून माणूस खूश होतो आणि तीच उचलतो. ती मालाचा भाव मोजत नाही. ती व्यापाऱ्याचा नफ्याचा दर मोजते, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर. पेट्रोल महागत असताना हे अंतर आक्रसलेलं असू शकतं. तिने विक्रीला भागलंत तर उठाव वाढलेला दिसेल, भलताच. घ्यायचा तो वस्तूंचा निर्देशांक: शुद्ध केलेली पेट्रोलियम उत्पादनं, औषधं, प्रक्रिया केलेलं अन्न, औद्योगिक रसायनं असा एकेक.

वरच्या उदाहरणात पेट्रोलियम ८१ भागिले ७५, म्हणजे १.०८. भावाचा निर्देशांक २५० वरून २७२.५ झाला असेल तर १.०९. १.०८ भागिले १.०९ म्हणजे ०.९९१. विक्री आठ टक्क्यांनी वाढली आणि इंधनाचा उठाव जवळपास एक टक्क्याने घटला. बाकीच्या गटांत भाव सरासरी ०.३ टक्के चढले असतील तर त्यांचा ०.२ टक्के वाढलेला आकडाही प्रत्यक्षात किंचित खाली गेला आहे. मथळ्यात दोन टक्क्यांची वाढ, हातात काहीच नाही.

इंधनाच्या बाबतीत आणखी एक ताळा घेता येतो, कारण तिथे नग मोजलेले असतात. अमेरिकेची ऊर्जा माहिती संस्था दर आठवड्याला, बहुधा बुधवारी, बाजारात किती बॅरल माल गेला ते देते. बॅरल म्हणजे ४२ गॅलन. जून २०२२ मध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला होता. घाऊक पेट्रोलियमच्या विक्रीची रक्कम तेव्हा वर्षभरापूर्वीपेक्षा कितीतरी मोठी होती आणि त्या उन्हाळ्यात बॅरलमधला पेट्रोलचा खप मागच्या उन्हाळ्याहून कमी होता. दोन आलेख एकाखाली एक ठेवले की वेगळं काही समजवावं लागत नाही.

उलट दिशेचं उदाहरण एप्रिल २०२०. पहिल्या अंदाजानुसार एकूण घाऊक विक्री एका महिन्यात सुमारे १७ टक्क्यांनी कोसळली. तिथे भाव आणि उठाव दोन्ही एकदम पडले होते. २० एप्रिलला मे महिन्याचा कच्च्या तेलाचा अमेरिकी वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. अशा महिन्यात भावाने भागून मिळणाऱ्या उत्तरावरही फार भिस्त ठेवू नये. व्यवहारच थोडे असतात, आणि निर्देशांकासाठी गोळा केलेला भाव आणि प्रत्यक्ष बिलातला भाव यांत अंतर पडतं.

पाचवी पायरी: साठा शेजारी ठेवा

विक्री हा अहवालाचा अर्धाच भाग. महिनाअखेरच्या साठ्याला महिन्याच्या विक्रीने भागलं की गुणोत्तर मिळतं. एक म्हणजे महिनाभर पुरेल इतका माल. तीसने गुणा, दिवस मिळतील. बिगरटिकाऊ मालाचं गुणोत्तर सर्वसाधारणपणे एकच्या आसपास असतं, टिकाऊ मालाचं त्याहून बरंच जास्त. यंत्राचे सुटे भाग गोदामात महिनोन् महिने बसू शकतात, दूध बसू शकत नाही.

गटागटाला मोजपट्टी वेगळी. पेट्रोलियमचं गुणोत्तर अर्ध्याच्याही खाली असतं, म्हणजे पंधरा दिवसांहून कमी माल. कपड्यांचं दोनच्या आसपास किंवा वर. म्हणून गटांची एकमेकांशी तुलना करू नका. प्रत्येक गटाची तुलना त्याच्या स्वतःच्या पाच-सात वर्षांच्या सवयीशी करा.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. साठा ३३५ वरून ३३७ अब्ज. गुणोत्तर ३३५ भागिले ३५० म्हणजे ०.९५७, आणि आता ३३७ भागिले ३५७ म्हणजे ०.९४४. उतरलं, माल भराभर उठतो आहे असं वाटतं. आता पेट्रोलियमचा साठा २६ वरून २७ आणि शेतमालाचा २४ वरून २३.५ झाला असं धरून दोन्ही काढा. २८५ भागिले २५३ म्हणजे १.१२६, आणि २८६.५ भागिले २५३.५ म्हणजे १.१३०. चढलं, अगदी थोडं. इंधनासकट बघितलं तर गोदामं हलकी होताहेत, इंधन काढलं तर किंचित जड. दिशाच उलटली. कारण साधं आहे: विक्रीतला इंधनाचा वाटा मोठा आणि साठ्यातला छोटा, त्यामुळे इंधन महागलं की भाजक फुगतो आणि गुणोत्तर आपोआप दबतं.

साठ्याच्या किमतीतही एक गाठ आहे. विक्री आजच्या भावाने नोंदली जाते, साठा खरेदीच्या किमतीने. भाव चढत असताना साठ्यात जुना स्वस्त माल असतो, म्हणून गुणोत्तर खऱ्यापेक्षा कमी दिसतं. भाव पडताना बरोब्बर उलट. दोन-तीन महिने भाव एका जागी राहिला की गाठ सुटते.

मग वाचायचं कसं? विक्री चढती आणि साठा उतरता असेल तर मालाला उठाव आहे, व्यापारी कारखान्यांना नव्या ऑर्डरी देईल, पुढच्या दोन-तीन महिन्यांत उत्पादन आणि आयात वाढण्याची शक्यता. दोन्ही चढते असतील तर घाई नको. व्यापारी आशेने माल भरतो आहे आणि आशा खरी ठरेलच असं नाही. विक्री उतरती आणि साठा चढता ही जोडी सगळ्यांत वाईट. माल पडून आहे, पैसा अडकला आहे, आणि व्याजदर चढे असतील तर तो अडकलेला पैसा रोज व्याज खातो. यानंतर सूट, रद्द झालेल्या ऑर्डरी आणि कारखान्यांतल्या कमी पाळ्या येतात. दोन्ही उतरते असतील तर सफाई चालू आहे; वेदना आहे, पण शेवटाकडे जाणारी.

एक खरं प्रकरण: २०२५ ची पहिली तिमाही

आयातशुल्क वाढणार या धास्तीने अमेरिकी कंपन्यांनी वर्षाच्या सुरुवातीला परदेशातून माल भरून घेतला. त्यात औषधं फार मोठ्या प्रमाणावर होती. जीडीपीच्या पहिल्या अंदाजात त्या तिमाहीची वाढ वार्षिक दराने उणे ०.३ टक्के आली, कारण आयात वजा होते. त्याच अहवालात खाजगी साठ्यातली भर ठळक होती आणि ती प्रामुख्याने घाऊक व्यापारातली, विशेष करून औषधांची, असं नोंदलं होतं.

नुसती विक्रीची ओळ वाचणाऱ्याला हे कळलं नसतं. ४२४ मधल्या औषधांच्या ओळीत साठ्याचा रकाना बघणाऱ्याला आयातीच्या लाटेचा माल कुठे जाऊन बसला ते दिसत होतं. असा माल पुढे हळूहळू खपतो आणि तेवढे दिवस नवी आयात मंदावते. त्या मंदावण्याला मागणी घटली असं समजणं ही पुढची चूक असते.

म्हणूनच अर्थतज्ज्ञ या अहवालाची वाट बघतात ते बहुतेक साठ्यासाठी. अटलांटा फेडरल रिझर्व्हचा ‘जीडीपी-नाऊ’ हा चालू तिमाहीचा अंदाज घाऊक व्यापाराच्या आकड्यांनी बदलतो. मंदीच्या तारखा ठरवणारी नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चची समिती भाव काढलेली घाऊक-किरकोळ विक्री विचारात घेते. तिथेही अट तीच: भाव काढलेली. शेअर बाजार मात्र या अहवालाकडे फारसं बघत नाही, आणि ते योग्यच आहे. चाळीस दिवस जुन्या आकड्यावर सौदा करण्यात अर्थ नाही.

गटागटाचा स्वभाव

मद्य हा छोटा गट, पण सगळ्यांत स्वच्छ. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत उत्पादक, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची रचना झाली आणि बहुतेक माल कायद्यानेच मधल्या पायरीवरून जातो. काही राज्यांत ती मधली पायरी सरकारच्या ताब्यात आहे, तो अपवाद. भावही इंधनासारखे उडत नाहीत. लोकांच्या हातात चैनीसाठी पैसा आहे का, याचा अंदाज या ओळीतून बरा लागतो.

पेट्रोलियममध्ये तोच माल एका घाऊक व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि प्रत्येक विक्री वेगळी मोजली जाते. त्यामुळे घाऊक विक्रीची बेरीज ही अंतिम खपाची बेरीज नव्हे. ती बेरीज जीडीपीशेजारी ठेवून ‘अर्थव्यवस्थेच्या इतके टक्के’ असं काढू नका.

औषधांची ओळ भारतातून, म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यातल्या औषध कारखान्यांतूनही, बारकाईने बघितली जाते, कारण इथला माल अमेरिकेत जातो. त्या ओळीबद्दल थोडी सावधगिरी. अमेरिकेत औषधांचं घाऊक वितरण मुख्यतः तीन कंपन्यांच्या हातात आहे: मॅकेसन, सेनकोरा आणि कार्डिनल हेल्थ. त्यातल्या एकीच्या हिशेबात बदल झाला तरी ओळ हलू शकते. दुसरं म्हणजे, ही विक्री घाऊक बिलाच्या रकमेने मोजतात. उत्पादक नंतर विमा-औषध व्यवस्थापकांना (विमा कंपन्यांच्या वतीने औषधांच्या किमतींची घासाघीस करणाऱ्या मध्यस्थांना) जी सूट परत देतो ती यातून वजा होत नाही. जानेवारीत ब्रँडेड औषधांच्या यादीतल्या किमती वाढवण्याची प्रथा आहे, म्हणून त्या महिन्याकडे अधिक संशयाने बघा. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: अमेरिकेत लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत सुमारे ९० टक्के जेनेरिक असतात, पण रकमेत त्यांचा वाटा फारच छोटा. वजन कमी करणाऱ्या आणि मधुमेहाच्या नव्या महागड्या इंजेक्शनांनी ओळ चढली म्हणून जेनेरिक गोळ्यांची मागणी चढली, असं होत नाही. जेनेरिक माल पाठवणाऱ्याने विक्रीच्या ओळीवरून ऑर्डरचा अंदाज बांधू नये. साठ्याची ओळ त्याला थोडी उपयोगी, कारण गोदाम भरलेलं असेल तर पुढची खरेदी लांबते.

आकडा वेळेवर आला नाही तर

अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं की सेन्सस ब्युरोचे अहवालही थांबतात. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये असं झालं आणि पुन्हा १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ मध्ये. अशा वेळी अहवाल उशिरा आणि पाठोपाठ येतात, आणि त्यांतला चालू महिना नक्की कोणता ते प्रसिद्धीच्या तारखेवरून कळत नाही. शीटमध्ये प्रसिद्धीची तारीख आणि संदर्भ महिना असे दोन वेगळे रकाने ठेवा. राहिलेल्या महिन्याची जागा रिकामी सोडा, शेजारच्या दोन महिन्यांची सरासरी घालून ती भरू नका. नाहीतर तीन महिन्यांच्या सरासरीत तुम्ही स्वतः तयार केलेला आकडा शिरतो आणि खरा आकडा आल्यावर तो काढायचं राहून जातं.